न्यू जर्सीतल्या पावडर कोटिंगवाल्याकडे मिस पॅकमॅनचं लोखंडी सामान दिलं, त्याचा रिव्ह्यू

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगतो. कोटिंग (रंगाची कोरडी पावडर विजेच्या ओढीने पत्र्यावर मारून ओव्हनमध्ये भाजायची) भारी, वेल्डिंग त्याहून भारी, भाव ठीक, वेळ पाळत नाहीत, आणि पावडर कुठे मारायची नाही हे त्यांना स्वतः उभं राहून बोट ठेवून दाखवावं लागतं. जुन्या आर्केड मशीनच्या कामात सगळी मेख त्या शेवटच्या गोष्टीत आहे, म्हणून ५ पैकी ४. दुकानाचं नाव टाकत नाही कारण खाली एक तक्रार पण आहे आणि माणसं मनाने चांगली आहेत, उगाच त्यांच्या धंद्यावर नको.

मशीन म्हणजे मिडवे कंपनीची मिस पॅकमॅन, नाणं टाकून खेळायचा व्हिडिओ गेम, १९८२ ची, उभी कॅबिनेट. पॅकमॅन जपानच्या नामकोचा, १९८० चा, पण ही मिस पॅकमॅन अमेरिकन पोरगी आहे बरं का. मॅसॅच्युसेट्समधल्या जनरल कॉम्प्युटर नावाच्या कंपनीतल्या पोरांनी पॅकमॅनच्या बोर्डावर चढवायची एक किट बनवली होती, क्रेझी ओटो नावाची, ती मिडवेने घेतली आणि तिचीच पुढे मिस पॅकमॅन झाली. लाखाच्या वर कॅबिनेट खपल्या त्यामुळे आजही इथे बऱ्यापैकी सापडतात. माझी मिळाली जर्सी शोअरकडची, म्हणजे हिची बरीचशी नोकरी समुद्राकाठच्या बोर्डवॉकवर झालेली, आणि खारं वारं लोखंडाचं काय करतं हे कोकणातल्या माणसाला मी काय सांगणार, मालवणात घराच्या खिडकीच्या गजांचं जे होतं तेच हिच्या पत्र्याचं झालेलं.

गंज पण कसा, खालून वर चढतो. पार्लरवाले रोज रात्री ओला मॉप मारणार, पाणी कॅबिनेटच्या बुडाशी साचणार, त्यामुळे लेव्हलिंगचे पाय (मशीन समतल करायचे खालचे बोल्ट) पार गेलेले आणि कॉइन डोअरची, म्हणजे नाणी टाकायच्या पुढच्या लोखंडी दाराची, खालची कड पापड निघावेत तशी सुटत होती. दुसरी जागा कंट्रोल पॅनेल, जिथे जॉयस्टिक असते. वरून बघितलं तर फक्त ओव्हरले, म्हणजे वरचा छापील स्टिकर, घासलेला दिसतो, पण चाळीस वर्षं लोकांचे घामट तळवे त्याच्याच कडेवर टेकलेले असतात, घामात मीठ, ते ओव्हरलेच्या कडेतून आत जातं आणि पत्रा आतल्या आत खात बसतं. ओव्हरले काढल्यावर कळतं खरं काय आहे ते. हीट गनने हळूहळू गरम करून एका कोपऱ्यातून सोलायचा, राहिलेला गोंद सिट्रस क्लीनरने काढायचा, आणि सोलायच्या आधी फोटो काढून भोकांची मापं लिहून ठेवायची म्हणजे नवीन ओव्हरले बसवताना डोकं फिरत नाही.

मी दिलेलं सामान: कॉइन डोअर आणि त्याची चौकट, कंट्रोल पॅनेलचा पत्रा, मार्कीच्या (माथ्यावरची गेमच्या नावाची पाटी) काचेला वर-खाली धरणाऱ्या पट्ट्या, स्पीकरची जाळी, आणि एका पिशवीत बिजागऱ्या, लॅच, ब्रॅकेट असला बारीकसारीक पसारा. नवीन कॉइन डोअर विकत मिळतो की, मग एवढा उपद्व्याप कशाला, असं आमच्या घरातूनच विचारून झालं आहे. मिळतो, नाही असं नाही. पण मला जुनाच पत्रा हवा होता, त्याच्यावरचे स्पॉट वेल्डचे ठसे, दाबाने काढलेली अक्षरं, सगळं, आणि ज्याला हे पटत नाही त्याने खुशाल नवीन घ्यावं, पैसे पण साधारण तेवढेच जातील.

आता कॉइन मेक, म्हणजे नाणं खरं की खोटं ते तपासणारा भाग. हा भाग मी दुकानात नेलाच नाही आणि तुम्हीपण नेऊ नका. त्याला रंग नको, पावडर नको, ब्लास्टिंग (हवेच्या जोराने बारीक कण मारून गंज उडवणं) तर नकोच नको. आत जी रचना असते ती नाण्याचा व्यास, जाडी आणि वजन तपासते, अमेरिकन क्वार्टर २४.२६ मिलिमीटरचा आणि ५.६७ ग्रॅमचा, शिवाय मध्ये लोहचुंबक बसवलेलं असतं म्हणजे कोणी लोखंडी चकती टाकली की ती तिथेच अडकते. ह्या सगळ्याची मापं इतकी नाजूक असतात की मध्ये जरासं काही चिकटलं की खरी नाणीपण परत यायला लागतात. गरम पाणी, भांड्यांचं लिक्विड, जुना टूथब्रश, आणि मग पूर्ण कोरडं. तेल लावायचं नाही, डब्ल्यूडी-४० तर अजिबात नाही, तेलावर धूळ बसते आणि मग आत चिखल होतो. गंमत म्हणजे हे मला त्या दुकानातल्या म्हाताऱ्याने न विचारताच सांगितलं, आणि तिथेच मला वाटलं की हा माणूस बरोबर आहे.

हा म्हातारा तिथे वेल्डिंग बघतो. माझ्या दारावर वरच्या बाजूला दोन भोकं होती, जुन्या ऑपरेटरने कधीतरी चोरांच्या भीतीने बाहेरून आडवी पट्टी टाकून कुलूप लावलेलं त्याची. इथल्या जुन्या मशीनींमधल्या कितीतरी दारांवर ही भोकं असतात. मी गृहीत धरलं होतं की फिलर भरतील आणि वरून पावडर मारतील. त्याने सांगितलं की साधी गाडीची पुटी भरली तर ओव्हनमध्ये फुगून बाहेर येईल. जेबी वेल्डसारखं इपॉक्सी ५०० फॅरनहाइटच्या आसपास टिकतं त्यामुळे जळत नाही, पण त्यातून वीज जात नाही, आणि पावडर मुळात विजेच्या ओढीनेच पत्र्याला चिकटत असल्यामुळे मोठ्या डागावर ती नीट धरत नाही, नंतर तिथे सावली दिसत राहते. मग त्याने मागून तांब्याचा जाड तुकडा दाबून धरला, तांब्याला वेल्ड चिकटत नाही ना, आणि एक टाका मारायचा, थांबायचं, हात लावून बघायचं, दुसऱ्या बाजूला दुसरा टाका, असं करत भोक बुजवलं. सलग मारलं असतं तर एवढा पातळ पत्रा तव्यावरच्या पोळीसारखा, जाऊदे, वाकला असता एवढंच. ग्राइंड केल्यावर बोट फिरवलं तरी कळत नाही भोक कुठे होतं. ह्या एका कामाचे त्याने जे पैसे घेतले ते मी दुप्पट दिले असते.

ब्लास्टिंगला त्यांनी वाळू वापरली नाही हे पण चांगलं. पातळ पत्र्यावर जोरात वाळू मारली की पत्रा एका बाजूने ताणला जातो आणि पोट काढतो, मग कंट्रोल पॅनेल कॅबिनेटवर सपाट बसतच नाही. त्यांनी काचेचे बारीक मणी घेतले, प्रेशर कमी ठेवलं, आणि मला महत्त्वाचं वाटलं ते म्हणजे ब्लास्ट केलेलं सामान त्याच दिवशी पावडरला घेतलं. जर्सीच्या उन्हाळ्यातली दमट हवा म्हणजे मुंबईची धाकटी बहीण, उघडा पत्रा रात्रभर राहिला की सकाळी नारिंगी. मी पूर्वी भोसरीला इलेक्ट्रिकल पॅनेल बनवणाऱ्या कंपनीत होतो, तिथे ह्याच कामाला सेव्हन टँक असायचा, डिग्रीझिंग, डीरस्टिंग, फॉस्फेटिंग, पॅसिव्हेशन, मध्ये मध्ये पाण्याच्या टाक्या, त्यामुळे मला ह्यांची पद्धत आधी जरा कमी वाटली होती. पण जुन्या खाल्लेल्या पत्र्याला, खड्ड्यांत बसलेला गंज काढायला, ब्लास्टिंगच बरं, आणि त्यावर त्यांनी झिंकवाला प्रायमर टाकला, तेव्हा माझी हरकत संपली.

रंगाबद्दल. काळा म्हणजे काळा असं कोणाला वाटत असेल तर त्यांच्या काउंटरवरचा नमुन्यांचा बोर्ड बघा, काळ्याचेच डझनभर प्रकार, ग्लॉस, सॅटिन, मॅट, बारीक दाणेदार, जाड दाणेदार, सुरकुत्यांचा. काउंटरवरच्या मुलाने मला ग्लॉस घ्या म्हणून गळ घातली, बाईकवाले सगळे तेच घेतात म्हणे. दाराच्या आतल्या कडेला, जिथे कधी कोणाचा हात गेला नव्हता, तिथे मूळचा रंग शिल्लक होता, बारीक दाणेदार आणि अर्धवट चमकेचा. ती कड नमुन्यांच्या शेजारी धरून खिडकीच्या उजेडात जुळवली. इथे जरा स्पष्ट बोलतो: चकचकीत कॉइन डोअर लावलेली जुनी मशीन मला सोन्याचे दात बसवलेल्या आजोबांसारखी वाटते असं म्हणणार होतो, पण बरेच जण तसंच करतात आणि मित्र आहेत, त्यामुळे एवढंच की मला आवडत नाही. शिवाय दाणेदार फिनिशमध्ये गंजाने पडलेले बारीक खड्डे झाकले जातात, ग्लॉसमध्ये प्रत्येक खड्डा ओरडून सांगतो मी इथे आहे.

आता तक्रार, आणि ही जरा नीट वाचा कारण ह्यात जिवाचा प्रश्न आहे.

पावडरचा थर साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा बसतो आणि साधारण १८० ते २०० सेल्सिअसला भाजल्यावर तो एक सलग प्लास्टिकचा कोट होतो. प्लास्टिक म्हणजे इन्सुलेटर. कॉइन डोअर आणि कंट्रोल पॅनेल ही खेळणाऱ्याच्या हाताला सतत लागणारी लोखंडं, म्हणून त्यांना आतून अर्थिंगची वेणी किंवा हिरवी वायर जोडलेली असते. पत्र्याला पक्क्या बसवलेल्या ज्या स्टडवर (आट्यांची छोटी दांडी) ती वायर बसते तिथे पावडर गेली की वायर जोडलेली दिसते पण अर्थिंग झालेलंच नसतं. आणि ह्या मशीनच्या पोटात पिक्चर ट्यूब आहे, जुना पॉवर सप्लाय आहे, कित्येक मशीनींच्या प्लगचा तिसरा पाय कोणीतरी कधीच कापलेला असतो. म्हणून मी अर्थिंगच्या जागांवर लाल मार्करने गोल काढून, कागदावर यादी लिहून, वर तोंडी पण सांगितलं होतं. बोल्टच्या आट्यांवर त्यांनी सिलिकॉनच्या टोप्या घातल्या, कुलपांच्या भोकांना बुचं लावली, ते सगळं बरोबर. अर्थिंगचा स्टड मात्र मस्त काळा करून दिला. ब्लास्टिंगमध्ये माझा लाल मार्कर उडाला आणि यादी काउंटरवरच राहिली, आत पोचलीच नाही. दाराच्या बिजागरीच्या पिनेत पण पावडर शिरून भाजली गेली होती, दार अर्ध्यात अडकायचं.

सांगितल्यावर वाद घातला नाही हे त्यांच्या बाजूने लिहितो. तिथल्या तिथे स्टड घासून चकचकीत केला, बिजागरी मोकळी करून दिली, जिथे पावडर उडाली तिथे टचअप केलं, एक डॉलर पण घेतला नाही. घरी येऊन मी दातेरी वॉशर घालून वायर बसवली, ते दाते पत्र्यात रुततात त्यामुळे संपर्क पक्का राहतो, आणि मग मल्टिमीटरचं एक टोक प्लगच्या अर्थ पिनेवर आणि दुसरं दाराच्या कुलपाच्या नटावर, पॅनेलच्या स्क्रूवर, असं सगळीकडे फिरवून बघितलं, एक ओहमच्या आत. हे मशीन चालू करायच्या आधी करायचं, प्लग भिंतीतून काढलेला असताना. आणि मॉनिटरची चासिस त्या नादात बाहेर काढू नका, ट्यूबमध्ये बंद असतानापण हजारो व्होल्ट साठून राहू शकतात, डिस्चार्ज करता येत असेल तरच हात घाला नाहीतर लांबून नमस्कार.

झिंक प्लेटिंग, म्हणजे जस्ताचा मुलामा, हे लोक स्वतः करत नाहीत, दुसरीकडे पाठवतात, आणि त्या प्लेटरकडे लॉटचा किमान चार्ज असतो त्यामुळे चार बिजागऱ्या दिल्या काय आणि बादलीभर ब्रॅकेट दिले काय, पैसे जवळपास सारखेच. म्हणून एकटे जाऊ नका, दोघातिघांनी मिळून पिशवी भरा. माझ्या लॅच आणि ब्रॅकेटवर मूळचं पिवळं झिंक होतं, ते इंद्रधनुष्यासारखं सोनेरी दिसणारं, पूर्वी ते हेक्झाव्हॅलंट क्रोमियमच्या पॅसिव्हेशनने (जस्तावर रसायनाचा संरक्षक थर) यायचं. ते विषारी म्हणून आता बरेच प्लेटर क्रोमियमचाच दुसरा, ट्रायव्हॅलंट प्रकार वापरतात आणि त्याची छटा जरा फिकट, एकसारखी येते. आलेला माल बघून पाच मिनिटं मी नाराज होतो, पण कॅबिनेटच्या आत कोण बघतंय, आणि गंजापासून वाचलं म्हणजे झालं.

एका गोष्टीसाठी मात्र अर्धा स्टार जास्त द्यावासा वाटला. त्या पिशवीत चुकून लॅचच्या स्प्रिंगा आणि कॉइन रिजेक्टच्या बारीक स्प्रिंगा पण गेल्या होत्या, त्या त्यांनी वेगळ्या काढून तशाच परत दिल्या. कडक स्टीलला ॲसिडमध्ये बुडवून प्लेटिंग केलं की हायड्रोजन आत शिरतो आणि स्प्रिंग ठिसूळ होते, वरून छान दिसते आणि एक दिवस कट्‌ करून तुटते. प्लेटिंगनंतर काही तास भट्टीत ठेवून तो हायड्रोजन काढता येतो, पण दोन-चार स्प्रिंगांसाठी कोण करणार. नवीन स्प्रिंगा घ्या असं सांगितलं, आणि दुकानदाराने काम नाकारून ग्राहकाला सल्ला देणं हे मला इथे काय आणि भोसरीत काय, फार कमी वेळा दिसलं आहे.

रिजेक्ट बटणाच्या (अडकलेलं नाणं परत घ्यायचं बटण) भोवतीची जी घरं असतात ती जस्ताची ओतीव असतात, त्याबद्दल पण आधी विचारून घ्या. ओतीव धातूत हवा अडकलेली असते, पावडर मारून भाजली की ती हवा बुडबुडे काढत बाहेर येते आणि वर देवीचे व्रण उठतात. ह्यांना हे माहीत होतं, त्यांनी आधी नुसतंच भाजून हवा काढली आणि मग पावडर मारली. दोन्ही घरं स्वच्छ आली.

स्क्रू-बोल्ट मी घरीच केले, त्यासाठी दुकानाची गरज नाही. इव्हॅपो-रस्ट नावाचं लिक्विड मिळतं, ॲसिड नाही, वास नाही, रात्रभर बुडवून ठेवलं की गंज सुटून येतो आणि खालचा चांगला धातू तसाच राहतो. फक्त काळं ऑक्साइड केलेले बोल्ट टाकले की काळेपणा पण जातो कारण तो पण लोखंडाचा ऑक्साइडच, मग परत काळे करावे लागतात. वॉशिंग सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून पण गंज काढतात काही जण, स्वस्त पडतं, पण त्यात दुसऱ्या टोकाला स्टेनलेस स्टीलचा चमचा लावायचा नाही कधी, पाण्यात तेच विषारी क्रोमियम उतरतं. साधी लोखंडी सळी घ्या. लेव्हलिंगचे पाय सरळ नवीन घेतले, तीन सुताचा आट्यांचा बोल्ट, त्याच्यावर प्लेटिंगचे पैसे घालण्यात काही अर्थ नाही.

पैशाचं म्हणाल तर दार, चौकट, पॅनेल, पट्ट्या आणि जाळी मिळून पावडरचे दोनशे डॉलरच्या आत झाले, वेल्डिंग आणि प्लेटिंग वेगळं. वेळेचं विचारू नका. आठवड्यात देतो म्हणाले आणि मग गाडीच्या रिमांचा मोठा लॉट आला की आपलं सामान मागे, फोन केला की हो हो होतंय. पार्टी वगैरे ठरवून बसला असाल तर तारीख धरू नका.

पुण्यातून दोघांनी मेसेज करून विचारलं होतं की पुण्यात हे होईल का. होईल की, उलट स्वस्तात होईल. भोसरी, चिंचवडला पॅनेलवाल्यांचं काम करणारे कोटर शेकड्याने आहेत आणि दाणेदार काळा त्यांच्याकडे असतोच, फक्त त्यांच्या लाईनवर दिवसभर सिमेन्स ग्रे (इलेक्ट्रिकल पॅनेलचा नेहमीचा करडा रंग) चाललेला असतो, तुमच्या एका दारासाठी ते पावडर मारायची गन साफ करणार नाहीत, म्हणून त्यांचा काळ्याचा लॉट कधी लागणार ते विचारून त्या दिवशी सामान न्या. लहानपणी ज्या पार्लरमध्ये आपण मुस्तफा हे पात्र घेऊन कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स हा गेम खेळायचो तिथल्या कॅबिनेट बऱ्याचदा तिथल्याच कोणा सुताराकडून बनवलेल्या असायच्या, त्यामुळे पत्र्याचं माप कंपनीच्या मापाशी जुळेलच असं नाही, नवीन दार मागवण्यापेक्षा असलेलं दुरुस्त करणंच सोपं पडेल.

ह्या दुकानात जाणार असाल तर सामान पूर्ण सुटं करून न्या, कुलपं, बल्बची होल्डरं, नायलॉनचे बुश, रबर, स्टिकर, एकूण एक काढून, त्यांच्या ओव्हनला दयामाया नाही. यादी काउंटरवर देऊ नका, आत जाऊन ब्लास्टिंगवाल्याच्या हातात द्या, आणि अर्थिंगच्या स्टडवर मार्कर नको, तिथे नट आणि वॉशर पिळूनच द्या म्हणजे पावडर पोचणारच नाही. पुढच्या लॉटला मी एका मित्राच्या टेबल मशीनच्या काच धरणाऱ्या क्लिपा देतोय. त्याला क्रोम हवंय, मला झिंक बरं वाटतंय, कोणी केलं असेल तर खाली लिहा, प्लेटरकडे पिशवी जायच्या आत.